प्रकार : इतर

धडगावला हिलालच्या दुकानात
चार्जरच्या लोंबत्या वायरींखाली बसून
तीन नकाशे उतरवून घेतले एका फोनवर.
पाऊण तास लागला. दोनदा लाइट गेली.
हिलाल दोंडाईच्याचा, मी अमळनेरची,
म्हणून चहा, म्हणून अहिराणी :
"हाई भारी शे ताई, पन सालना पैसा मांगस."

पहिला देखणा.
डोंगरांना सावली, उतारांना हिरवी मखमल,
बोटाने तिरका केला की सातपुडा उभा राहतो
लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखा.
दुसरा फुकट, काटकुळा,
नुसत्या तपकिरी रेघा, दर वीस मीटरला एक.
तिसरा म्हणजे जुन्या सर्व्हेचं पान, फोटो काढून चढवलेलं.
त्यात विहिरी आहेत, एकटी झाडं आहेत
आणि एक गाडीवाट,
जिच्यावरून शेवटची बैलगाडी कधी गेली
ते गिंबालाही आठवत नाही.

मला हवं होतं थोडकंच.
उपकेंद्र ते मोहडापाडा. लसींचा डबा.
परत यायचं उजेड असेतो.

पहिला म्हणाला, तीन किलोमीटर दोनशे, चाळीस मिनिटं.
चाळीस! कोणाच्या पायांनी?
आणि पहिल्याच वळणावर रेंज गेली
तशी सगळी मखमल गुंडाळून
राखाडी चौकटी दाखवत बसला.

दुसऱ्यात मी रेघा मोजल्या.
चढाच्या तेवीस, उताराच्या चौदा.
एका जागी इतक्या चिकटलेल्या
की बोटाच्या पेराखाली सात मावल्या.
आमच्याकडे बोरीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं
आणि काठाच्या चिखलावर
थांबत थांबत गेल्याच्या खुणा सोडतं,
तशा या.
इथे पाणी नव्हतं कधी.
माणसांचा दम होता,
तोही असाच थांबत थांबत जातो.

गिंबा पावरा पुढे, डबा त्याच्या खांद्यावर.
फोन त्याला दाखवला. त्याने उलटा धरला,
मग सुलटा, मग परत उलटा.
उलटाच त्याला पटला :
त्याच्या घरून निघालं की जग तसंच लागतं.
रेघांची दाटी बघून म्हणाला, इथं बसतो आम्ही.

खरंच तिथे दगड होता.
बसून बसून गुळगुळीत,
डोक्यावरचं ओझं न वाकता टेकवता येईल एवढा उंच.
कोणी ठेवला, माहीत नाही.
सात रेघांच्या बरोबर पायथ्याशी.

तिन्ही नकाशांत तो नाही.
पहिल्यात काही लिहायचं तर कार्डाचा नंबर लागतो.
तिसरा कोणाचं ऐकत नाही, तो छापून झालाय.
दुसऱ्याने विचारलं, ठिकाणाचा प्रकार निवडा :
हॉटेल, पेट्रोल पंप, एटीएम, पर्यटनस्थळ, इतर.
मी इतर दाबलं. नाव, ओझ्याचा दगड.
गिंबा म्हणाला, त्याचं नाव वेगळं आहे.
सांगितलंही, दोनदा.
मला ऐकू आलं, लिहिता आलं नाही;
त्यातला एक स्वर माझ्या कीबोर्डवर नाही.

वर पाड्यात आमचूर वाळत घातलेलं,
अंगणभर कैरीच्या पांढुरक्या फोडी.
आभाळातून फोटो काढणाऱ्याला काय वाटलं असेल?
दुकानात बघितलं तेव्हा
पहिल्या नकाशात इथे खडकाळ जमीन होती.

एक तास पन्नास मिनिटं. बॅटरी एकतीस टक्के.
डबा उघडला, कुपी उजेडात धरली :
वर्तुळातला चौकोन अजून फिका.
नऊ लेकरं. त्यातलं एक
सुई दिसायच्या आधीच रडायला लागलं.

हिलालला सांगायचं होतं,
तो पैसेवाला काढून टाक म्हणून.
रेंज नव्हती.